विद्रावकाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड-ग्रहण : ऊर्जाबचतीच्या प्रयत्नांचा इतिहास (१९३० ते २०२५)

प्रस्तावना

औद्योगिक धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याच्या तंत्राची चर्चा बहुधा हवामानबदलाच्या संदर्भातच होत असल्यामुळे हे तंत्र अलीकडच्या दोन-तीन दशकांतील आहे, असा समज रूढ झालेला दिसतो. वस्तुतः अमाइन वर्गातील संयुगांच्या द्रावणात हा वायू शोषून घेण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १९३० मध्ये दिले गेले. आजही मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या ग्रहण-प्रकल्पांचा मूळ आराखडा जवळजवळ तोच आहे. एका उंच मनोऱ्यात सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाला द्रावण वरून खाली व वायू खालून वर सोडला जातो. वायुभारित झालेले द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंशांपर्यंत तापवून त्यातील वायू मोकळा केला जातो आणि पुनर्जनित द्रावण थंड करून पहिल्या मनोऱ्याकडे परत पाठविले जाते. (‘कॅप्चर’ या अर्थी येथे ‘ग्रहण’ हा शब्द वापरला आहे. ‘पकडणे’ हा बोलीतील शब्द अधिक थेट असला, तरी त्यापासून साधित शब्द तयार करणे अडचणीचे होते.)

या आराखड्यातील खरी अडचण दुसऱ्या मनोऱ्याच्या तळाशी आहे. द्रावण तापविण्यासाठी तेथे अखंड वाफ द्यावी लागते. औष्णिक वीज केंद्रात ही वाफ टर्बाइनमधूनच काढून घ्यावी लागते, त्यामुळे ग्रहण केलेल्या प्रत्येक टनामागे वीज कमी होते. ही घट कमी करण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक मागोवा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. उष्णतेची बचत हा प्रश्न या तंत्राच्या जन्माबरोबर आलेला नाही. ज्या कारखान्यात ते वापरले गेले तेथे उष्णतेची किंमत काय होती, यावर त्या प्रश्नाची तीव्रता ठरत गेली. तसेच आजवर झालेली बचत एखाद्या अद्भुत रेणूच्या शोधापेक्षा गंज, पाणी, उष्णता-विनिमयक आणि दाब यांसारख्या रूक्ष बाबींकडे लक्ष दिल्यामुळे अधिक झाली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

उष्णतेचा हिशेब

इतिहासाकडे वळण्यापूर्वी हा हिशेब थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पुनर्जननासाठी दिलेली उष्णता तीन ठिकाणी खर्च होते. पहिला वाटा अमाइन व कार्बन डायऑक्साइड यांच्यातील रासायनिक बंध तोडण्यासाठी लागतो. मोनोइथॅनॉलअमाइन (पुढे ‘एमईए’) या सर्वाधिक अभ्यासलेल्या विद्रावकाच्या बाबतीत तो टनामागे सुमारे १.९ गिगाज्यूल इतका आहे. दुसरा वाटा द्रावणाचे तापमान वाढविण्यात जातो आणि या द्रावणात बहुतांश पाणीच असते. तिसरा वाटा मोकळ्या होणाऱ्या वायूबरोबर मनोऱ्याच्या माथ्यावरून निघून जाणाऱ्या पाण्याच्या वाफेचा.

दुसऱ्या वाट्याचे महत्त्व एका साध्या आकडेमोडीवरून ध्यानात येईल. ३० टक्के एमईए असलेल्या द्रावणात प्रत्येक फेरीत अमाइनच्या एका मोलमागे पाव मोल वायूची देवघेव होते असे धरले, तर एक टन कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे १८ ते १९ टन द्रावण फिरवावे लागते. उष्णता-विनिमयकातून बाहेर पडताना तापमानात १० अंशांची तूट राहिली, तर केवळ ती भरून काढण्यास टनामागे सुमारे ०.६५ गिगाज्यूल लागतात. अमाइनचे प्रमाण १५ टक्क्यांवर आले, की फिरवायचे द्रावण दुप्पट होते आणि ही उष्णताही दुपटीहून थोडी अधिक होते. विद्रावकाचा इतिहास पुष्कळ अंशी या पाण्याचा इतिहास आहे, तो यामुळेच.

याच्या तुलनेत उष्मागतिकीने घालून दिलेली किमान मर्यादा फारच खाली आहे. कोळशाच्या धुरातील सुमारे १२ टक्के कार्बन डायऑक्साइडपैकी ९० टक्के वेगळा करण्यासाठी लागणारे किमान कार्य टनामागे सुमारे ०.१७ गिगाज्यूल इतकेच भरते. मात्र हे कार्य आहे, उष्णता नव्हे. या दोहोंची सरळ तुलना करण्याची चूक लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते, तिचा परामर्श पुढे घेतला आहे.

वायू हाच माल : १९३० पूर्वी व नंतर

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शीतपेये व पुढे ‘ड्राय आइस’ यांसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड कोक जाळून तयार केला जात असे. कोकच्या धुरातील वायू अल्कली कार्बोनेटच्या द्रावणात शोषला जाई आणि ते द्रावण उकळण्यासाठी कोकच्याच ज्वलनाची उष्णता वापरली जाई. येथे वायू हाच विक्रीचा माल होता व उष्णता ही त्याच्याबरोबर आपोआप मिळणारी वस्तू. ऊर्जाबचतीचा विचार करण्याचे कोणतेही कारण त्या कारखानदारांपुढे नव्हते.

आर. आर. बॉटम्स यांनी अमेरिकेतील केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील गर्डलर कॉर्पोरेशनसाठी १९३० मध्ये अमाइन-पद्धतीचे पेटंट मिळविले. त्यात वायुमिश्रणातील आम्लधर्मी वायू, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड, वेगळे करणे अभिप्रेत होते. नैसर्गिक वायू शुद्ध करणे हा या पद्धतीचा प्रमुख उपयोग ठरला. वायूच्या विहिरीशेजारी इंधनाचा तुटवडा असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही चार वर्षांतच, म्हणजे १९३४ मध्ये, मार्क शोल्ड यांच्या पेटंटात द्रावणाचा एक प्रवाह अर्धवट पुनर्जनित अवस्थेतच मनोऱ्याच्या मध्यावर परत नेण्याची योजना आढळते. सर्व द्रावण पूर्णपणे शुद्ध करण्याची गरज नाही, वायूचे प्रमाण जेथे अधिक आहे तेथे अर्धशुद्ध द्रावणही काम करते, हे त्यामागील तत्त्व. विभाजित प्रवाहाची ही कल्पना पुढे अनेक दशके पुनःपुन्हा नव्याने मांडली गेली. सोव्हिएत अमोनिया उद्योगातील अशाच स्वरूपाच्या अनुभवाचा आढावा लाइतेस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘एनर्जी’ या नियतकालिकात घेतला. तो वाचताना जुन्या पेटंटांतील किती तरी गोष्टी विस्मरणात गेल्या होत्या याची जाणीव होते.

तापविलेलेच द्रावण थंड का करावे?

उष्णतेच्या प्रश्नाला पहिले मूलगामी उत्तर १९५० च्या दशकात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या पेनसिल्व्हेनियातील ब्रूसटन येथील प्रयोगशाळेतून आले. कोळशापासून द्रवरूप इंधन बनविण्याच्या संशोधनात संश्लेषण वायूमधील कार्बन डायऑक्साइड काढून टाकणे हा मोठा खर्चाचा टप्पा होता. होमर बेन्सन व जोसेफ फील्ड यांनी विचारलेला प्रश्न असा होता : वायू शोषून घेण्यासाठी द्रावण थंड करायचे आणि सोडण्यासाठी पुन्हा तापवायचे, ही ये-जा टाळता येईल काय? वायू उच्च दाबाखाली असेल तर पोटॅशियम कार्बोनेटचे गरम, जवळजवळ उकळत्या तापमानाचे द्रावणही तो शोषून घेते. नंतर केवळ दाब उतरविला की त्यातील बराचसा वायू सुटून निघतो. दोन्ही मनोरे सारख्याच तापमानाला चालत असल्यामुळे मोठे उष्णता-विनिमयक अनावश्यक ठरले. शिवाय गरम पाण्यात बायकार्बोनेट अधिक विरघळते, त्यामुळे द्रावण अधिक संहत ठेवता आले. ही पद्धत ‘बेनफील्ड’ या नावाने जगभरच्या अमोनिया कारखान्यांत पोहोचली. इटलीत विकसित झालेल्या जिआमार्को-व्हेट्रोकोक पद्धतीत अभिक्रियेचा वेग वाढविण्यासाठी आर्सेनिक वापरले जात असे. ते विषारी असल्याने कालांतराने मागे पडले.

बेन्सन व फील्ड यांचे उत्तर मोठे मोलाचे होते, पण त्याला एक अट होती. वायू मुळातच दाबाखाली असला पाहिजे. धुरांड्यातून बाहेर पडणारा वायू वातावरणाच्या दाबाचा असतो आणि तो सर्वच्या सर्व दाबायचा म्हटले, तर चार-पंचमांश नायट्रोजन विनाकारण दाबावा लागतो. त्यामुळे वीज केंद्रांचा प्रश्न पुढे आला तेव्हा अभियंत्यांना अमाइनकडेच वळावे लागले.

गंज व पाणी

एमईएचे द्रावण दीर्घकाळ १५ ते २० टक्क्यांपेक्षा अधिक संहत ठेवले जात नसे. यामागे रसायनशास्त्रीय कारण नव्हते, धातुशास्त्रीय होते. गरम, वायुभारित अमाइन साध्या पोलादाला गंज चढवते आणि संहती वाढली की गंज वाढतो. वर दिलेल्या आकडेमोडीवरून, या भीतीपोटी किती पाणी फुकट तापविले जात होते, हे उघड आहे. १९७० च्या सुमारास युनियन कार्बाइड कंपनीने ‘अमाइन गार्ड’ या नावाने गंजरोधक द्रव्ये वापरून संहती ३० टक्क्यांपर्यंत नेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमोनिया उद्योगात इंधनाचा भाव हा निर्णायक घटक झाला, तेव्हा या सुधारणेला मागणी आली.

धुराच्या बाबतीत एक निराळाच शत्रू होता, तो म्हणजे ऑक्सिजन. नैसर्गिक वायूत तो नसतो, धुरात असतो आणि अमाइनचा ऱ्हास करतो. डाऊ केमिकलने विकसित केलेल्या गंजरोधकयुक्त ३० टक्के एमईए पद्धतीने या अडचणीवर मात केली. १९८९ मध्ये ती फ्लोअर कंपनीकडे गेली व ‘इकोनामाइन एफजी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. याच काळात कॅलिफोर्नियातील ट्रोना येथे १९७८ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून, सुमारे २० टक्के एमईए वापरून, दिवसाला सुमारे ८०० टन वायू काढला जात होता व तो खाऱ्या पाण्यापासून सोडा ॲश बनविण्यासाठी वापरला जात होता. मॅसॅच्युसेट्समधील बेलिंगहॅम येथे १९९१ पासून गॅस टर्बाइनच्या धुरातून वायू काढून विकला गेला. टेक्सासमधील लबक येथील प्रकल्प तेलविहिरींत वायू सोडण्यासाठी उभारला होता. १९८० च्या दशकात तेलाचे भाव घसरले आणि तो बंद पडला. हवामानाचा प्रश्न यांपैकी कोणाच्याच हिशेबात नव्हता.

केंब्रिज ते माटुंगा : वेगाचे शास्त्र

अमाइन व कार्बन डायऑक्साइड यांची अभिक्रिया किती वेगाने होते, हा प्रश्न वरवर पाहता ऊर्जेशी संबंधित नाही. प्रत्यक्षात तो तिच्या मुळाशी आहे. अभिक्रिया मंद असेल, तर मनोऱ्यातून बाहेर पडताना द्रावण समतोलापासून दूरच राहते, म्हणजे कमी वायू घेऊन जाते आणि तेवढ्याच वायूसाठी अधिक द्रावण तापवावे लागते.

या विषयाचा पाया केंब्रिज विद्यापीठात पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला आणि त्यात मुंबईच्या एका अभ्यासकाचा वाटा मोठा आहे. मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी, २००८ पासून रसायन तंत्रज्ञान संस्था) शिकलेले मन मोहन शर्मा यांनी डँकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली व १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते यूडीसीटीत प्राध्यापक म्हणून परतले. विविध अमाइनांशी होणाऱ्या अभिक्रियांच्या वेगांविषयीचा त्यांचा निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये डँकवर्ट्स व शर्मा यांनी ‘द केमिकल इंजिनिअर’मध्ये लिहिलेला आढावा पुढील पिढ्यांसाठी आधारभूत ठरला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक एल. के. दोराईस्वामी यांच्यासह शर्मा यांनी लिहिलेला विषमांगी अभिक्रियांवरील ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम ऊर्जाबचतीच्या हेतूने झालेले नव्हते. मात्र आज एखाद्या नव्या विद्रावकाचा मनोरा किती उंच लागेल, याचे गणित ज्या पद्धतीने केले जाते ती येथे घडली. ग्रहण-तंत्राच्या पाश्चात्त्य इतिहासलेखनात पेटंटे व कंपन्या यांनाच मुख्य स्थान मिळत असल्यामुळे ही बाजू उपेक्षित राहते.

जागा अडविणारा रेणू

एमईएच्या रसायनशास्त्रात एक अंगभूत उधळपट्टी आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला बांधण्यासाठी अमाइनचे दोन रेणू खर्ची पडतात. एक कार्बामेट बनतो व दुसरा प्रोटॉन स्वीकारतो. बायकार्बोनेट बनले तर एकास एक या प्रमाणात काम भागते आणि बंधही तुलनेने सैल असतो. तृतीयक अमाइन (उदाहरणार्थ मिथाइलडायइथॅनॉलअमाइन) कार्बामेट बनवूच शकत नाहीत. त्यामुळे त्यांना उष्णता कमी लागते, परंतु त्यांची अभिक्रिया अतिशय मंद. बीएएसएफ कंपनीच्या संशोधकांनी त्यात पाइपरझीन हे वेगवान अमाइन थोड्या प्रमाणात मिसळून हा दोष दूर केला. त्याचे अमेरिकन पेटंट १९८२ चे आहे.

एक्झॉन कंपनीतील सार्टोरी व सॅव्हेज यांनी १९८३ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. नायट्रोजनच्या शेजारी मिथाइल गटांची गर्दी केली, तर कार्बामेट बनतो खरा, पण टिकत नाही. तो मोडून बायकार्बोनेट तयार होते. वेग व क्षमता यांचा असा मेळ घालणाऱ्या या संयुगांना अवरोधित अमाइन म्हणता येईल. जपानमध्ये मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज व कन्साई इलेक्ट्रिक पॉवर यांनी १९९० मध्ये संयुक्त संशोधन सुरू केले, १९९१ मध्ये ओसाकातील नान्को वीज केंद्रात दिवसाला दोन टनांचे प्रायोगिक संयंत्र उभारले आणि ‘केएस-१’ हा अवरोधित अमाइनवर आधारित विद्रावक विकसित केला. एमईएच्या तुलनेत वाफ सुमारे २० टक्के कमी लागते, असा कंपनीचा दावा होता.

या विद्रावकाचा पहिला व्यापारी वापर कोळशाच्या वीज केंद्रात झाला नाही, हे लक्षणीय आहे. तो १९९९ मध्ये मलेशियातील केदाह येथील खत कारखान्यात झाला. त्यानंतर २००६ मध्ये भारतात इफ्कोच्या आंवला व फुलपूर येथील कारखान्यांत आणि २००९ मध्ये काकीनाडा येथील नागार्जुन फर्टिलायझर्समध्ये प्रत्येकी दिवसाला ४५० टनांची संयंत्रे सुरू झाली. याचे कारण खत-रसायनशास्त्रात आहे. युरियासाठी अमोनिया व कार्बन डायऑक्साइड दोन्ही लागतात. नाफ्त्याऐवजी नैसर्गिक वायू कच्चा माल म्हणून वापरला, की त्यात कार्बन कमी असल्याने कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो. ही तूट रिफॉर्मरच्या धुरातून भरून काढली जाते. शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचणाऱ्या युरियाच्या निमित्ताने भारत या तंत्राचा जगातील आरंभीच्या मोठ्या वापरकर्त्यांपैकी एक ठरला, ही बाब हवामानविषयक चर्चेत क्वचितच नोंदविली जाते.

वीज केंद्रातील वाफ

वीज केंद्रांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड गोळा करून समुद्रात साठवावा, ही कल्पना चेझारे मार्केट्टी यांनी १९७७ मध्ये ‘क्लायमॅटिक चेंज’ या नियतकालिकात मांडली होती. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लागू केल्यावर १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रात नैसर्गिक वायूतील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून समुद्रतळाखाली सोडला जाऊ लागला. परंतु ऊर्जेचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला, तो आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २००५ च्या विशेष अहवालामुळे. ९० टक्के ग्रहणासाठी नव्या कोळसा केंद्राला प्रत्येक युनिटमागे २४ ते ४० टक्के अधिक इंधन लागेल, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. हे प्रमाण पाहता प्रत्येक तीन-चार केंद्रांमागे जवळजवळ एक केंद्र केवळ ग्रहणासाठी चालवावे लागणार होते. तेथून उष्णतेचा प्रत्येक गिगाज्यूल मोजला जाऊ लागला.

युरोपीय संघाच्या ‘कॅस्टर’ प्रकल्पात २००६ पासून डेन्मार्कमधील एस्बियर्ग येथील कोळसा केंद्रात ताशी एक टनाचे संयंत्र चालविले गेले. तेथे ३० टक्के एमईएसाठी टनामागे सुमारे ३.७ गिगाज्यूल उष्णता मोजली गेली आणि हा आकडा पुढे तुलनेचा मानदंड झाला. त्यानंतरच्या ‘सीझर’ प्रकल्पात ज्या मिश्रणाने ही उष्णता सुमारे एक-पंचमांशाने कमी केली, ते मिश्रण म्हणजे अवरोधित अमाइन व पाइपरझीन होते. १९८२ व १९८३ चे दोन वेगवेगळे धागे येथे एकत्र आले. नव्या शतकातील ‘नवा’ विद्रावक हा पाव शतकापूर्वी ठाऊक असलेल्या दोन पदार्थांचा संयोग होता.

सर्वच प्रयत्न असे फलद्रूप झाले नाहीत. थंड अमोनियाच्या पद्धतीविषयी प्रारंभी फार मोठी आशा होती. अमोनियाचा बंध सैल असल्याने पुनर्जननाची उष्णता निम्म्याहून कमी होईल, असे सांगितले जात होते. अल्स्टॉम कंपनीने वेस्ट व्हर्जिनियातील माउंटेनीअर केंद्रात २००९ ते २०११ या काळात तिची चाचणी घेतली. अमोनिया हवेत उडून जाऊ नये म्हणून द्रावण शून्य अंशाच्या जवळपास ठेवावे लागते आणि त्या शीतकरणाला वीज लागते. रिबॉयलरमध्ये वाचलेले पुष्कळसे शीतयंत्राने घेतले.

आकड्याचे वाचन

या अनुभवातून एक पद्धतिशास्त्रीय प्रश्न पुढे येतो. ‘टनामागे इतके गिगाज्यूल’ हा आकडा खरोखर काय सांगतो? उष्णतेचे मूल्य तिच्या तापमानावर अवलंबून असते. वीज केंद्रात १३५ अंशांची वाफ काढून घेतली, तर जेवढी वीज बुडते त्यापेक्षा १६० अंशांची वाफ काढल्यास अधिक बुडते. शिवाय वायू मोकळा झाल्यावर वाहून नेण्यासाठी सुमारे १५० बारपर्यंत दाबावा लागतो. तो मनोऱ्यातूनच अधिक दाबाने बाहेर पडला, तर दाबयंत्राचे काम वाचते. म्हणून टेक्सास विद्यापीठातील गॅरी रोशेल व त्यांचे विद्यार्थी यांनी वाफ, पंप व दाबयंत्र या सर्वांमुळे बुडणाऱ्या विजेची बेरीज, म्हणजे समतुल्य कार्य, हेच माप धरावे असा आग्रह धरला.

या मापातून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो. सैल बंधाचा विद्रावक नेहमीच किफायतशीर ठरतो असे नाही. बंध घट्ट असेल, तर तापमान वाढविताच वायूचा दाब अधिक वेगाने चढतो आणि वायू अधिक दाबाने, कमी पाण्याच्या वाफेसह बाहेर पडतो. ओयेनेकान व रोशेल यांनी २००६-०७ च्या सुमारास केलेल्या विश्लेषणाचा हा आशय होता. एमईएला या गुणाचा पूर्ण लाभ घेता येत नाही, कारण १२० अंशांच्या वर तो विघटित होऊ लागतो. पाइपरझीन मात्र १५० अंशांपर्यंत टिकते. संहत द्रावणात त्याचे स्फटिक बनतात, ही त्याची अडचण. त्यामुळे पुढील चाचण्यांत संहती काहीशी उतरविण्यात आली. १९८२ मध्ये ज्याची चिमूटभर मदत घेतली गेली होती, ते पाइपरझीन अशा रीतीने मुख्य विद्रावक झाले.

रोशेल यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या लेखात विलगीकरण व दाबणे मिळून किमान कार्य टनामागे ०.११ मेगावॉट-तास असल्याचे सांगून, व्यवहारात ०.२ च्या आसपास पोहोचता येईल असे अनुमान केले. कोळशाचे केंद्र एक मेगावॉट-तास विजेमागे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडते, हे लक्षात घेतले तर उत्तम परिस्थितीतही पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज जाणारच, असा याचा अर्थ होतो. प्रयोगशाळेतून अधूनमधून जाहीर होणारे ‘निम्म्या ऊर्जेचे’ विद्रावक या कसोटीवर तपासले गेले पाहिजेत. बहुतेकदा तेथे केवळ रिबॉयलरची उष्णता सांगितलेली असते, तापमान व दाब सांगितलेले नसतात.

प्रत्यक्ष केंद्रांतही हिशेबाची चौकट निर्णायक ठरली. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील बाउंड्री डॅम केंद्राचा तिसरा संच ऑक्टोबर २०१४ मध्ये ग्रहणासह सुरू झाला. पूर्वी १३९ मेगावॉट देणारा हा संच नूतनीकरणानंतर सुमारे ११० मेगावॉट देऊ लागला. धुरातील राख व अमाइनचा ऱ्हास यांमुळे वर्षाला दहा लाख टनांचे मूळ उद्दिष्ट गाठणे कठीण गेले. २०१८ मध्ये चौथ्या व पाचव्या संचाला हे तंत्र न जोडण्याचा निर्णय झाला. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पाने २०१७ पासून केएस-१ वापरला. तेथे मूळ केंद्राची वाफ घेण्याऐवजी नैसर्गिक वायूवर चालणारे स्वतंत्र सहनिर्मिती संयंत्र उभारले गेले, त्यामुळे कोळसा संचाची वीज घटली नाही. मात्र त्या नव्या संयंत्राच्या धुरातील वायूचे ग्रहण होत नव्हते. ऊर्जेची किंमत नाहीशी झाली नव्हती, ती दुसऱ्या खात्यावर टाकली गेली होती. मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर हा प्रकल्प थांबला व सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

भारतीय संदर्भ

२०१६ मध्ये तमिळनाडूतील तुतिकोरिन येथील अल्कली कारखान्यात कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला सुमारे ६०,००० टन वायू काढून सोडा ॲश बनविण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा विद्रावक खरगपूरच्या आयआयटीतील दोन पदवीधरांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या कार्बन क्लीन या कंपनीचा होता. ट्रोनाच्या प्रकल्पाशी याचे साम्य उघड आहे. तोच धूर, तोच माल आणि मध्ये जवळजवळ चार दशके. दोन्हीकडे वायूला गिऱ्हाईक होते.

वीज केंद्रांची स्थिती वेगळी आहे. एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन क्षमतेचे ग्रहण-संयंत्र मिथेनॉलनिर्मितीसाठी उभे राहिले. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला दहा हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत कार्बन ग्रहण व उपयोजनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि नीती आयोगाचा या विषयावरील अहवाल प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील नाशिकजवळच्या एकलहरे येथील २१० मेगावॉटच्या संचांसारख्या जुन्या संचांची कार्यक्षमता कमी असल्याने त्यांच्यात प्रत्येक युनिटमागे वायू अधिक निघतो. साहजिकच पुनर्जननाची वाफही अधिक लागते. अशा संचाची चौथ्या हिश्शाइतकी वीज ग्रहणात गेली, तर पन्नासहून अधिक मेगावॉटची तूट अन्य कोठून तरी भरून काढावी लागेल.

याशिवाय अमाइन-पद्धतीची एक पूर्वअट भारतात बहुतेक ठिकाणी पूर्ण झालेली नाही. धुरातील सल्फर डायऑक्साइड अमाइनशी संयोग पावून उष्णतेनेही न सुटणारे क्षार बनवतो व विद्रावक वाया जातो. म्हणून ग्रहणापूर्वी त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे दहा भागांपर्यंत खाली आणावे लागते. सल्फर डायऑक्साइडविषयीची मानके केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये अधिसूचित केली, त्यांच्या अंमलबजावणीची मुदत वारंवार वाढविण्यात आली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील सुमारे ७८ टक्के कोळसा संचांना सल्फर-निर्मूलन यंत्रणा बसविण्यापासून सूट मिळाली. या संचांच्या बाबतीत ग्रहणाचा ऊर्जाखर्च मांडताना सल्फर-निर्मूलनाच्या यंत्रणेला लागणारी वीज, चुनखडी व पाणी यांचाही समावेश करावा लागतो. परदेशी संयंत्रांच्या टनामागील गिगाज्यूलच्या आकड्यांत हा खर्च सहसा धरलेला नसतो, कारण तेथे ती यंत्रणा आधीपासूनच उभी होती.